कवडी कवडीमोल कशी झाली

माझ्या टेबलावर दोन कवड्या आहेत. एक पिवळसर पांढरी, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी, पाठीवर ओबडधोबड कोन निघालेली. ओल्या मातीची गोळी कुणी चहूबाजूंनी चिमटून ठेवावी तशी. दुसरी तिच्याहून किंचित मोठी आणि वजनाला जास्त, अंगाने लंबगोल, गुळगुळीत. निळसर राखाडी पाठीवर केशरी रंगाचं कडं. पालथ्या ठेवल्या तर लहान मूलही दोन्ही वेगळ्या ओळखेल. उताण्या केल्या की दोघींना तीच अरुंद फट आणि फटीच्या दोन्ही कडांवर तेच बारीक दाते. मग जरा थांबून पाहावं लागतं.

पहिली मोनेटेरिया मोनेटा, दुसरी मोनेटेरिया ॲन्युलस. दोघींचं बारसं लिनियसने १७५८ साली केलं. लॅटिनमध्ये ‘मोनेटा’ म्हणजे टांकसाळ किंवा पैसा, आणि ‘ॲन्युलस’ म्हणजे अंगठी, कडं. म्हणजे एक पैशाची कवडी आणि एक कड्याची. दोघी एकमेकींच्या अगदी जवळच्या नातलग, दोघी हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत उथळ पाण्यात राहणाऱ्या छोट्या समुद्री गोगलगायी. या प्रकरणात कुणी खलनायक हवाच असेल तर ती दुसरी कवडी. बिचारीचा दोष एवढाच, की ती वेगळ्या किनाऱ्यावर मुबलक होती.

प्रकरण पश्चिम आफ्रिकेतलं आहे. कित्येक शतकं तिथे पहिली कवडी पैसा म्हणून चालत होती. १८४५ मध्ये एका जर्मन व्यापाऱ्याने दुसरी कवडी जहाज भरून तिथे आणली. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्या मुलखातला पैसाच बसला. नाणं खोटं निघालं, सोन्यात भेसळ झाली, राजाने नोटा छापल्या, असल्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. इथे त्यातलं काहीच झालं नाही. आलेली प्रत्येक कवडी खरी होती.

गोगलगायीची टांकसाळ

कवडी पैसा म्हणून इतकी टिकली का, याचं अर्धं उत्तर त्या प्राण्याच्या शरीरात आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

कवडीचा प्राणी दिवसा प्रवाळाच्या दगडाखाली दडून बसतो आणि रात्री शेवाळ खरवडायला बाहेर पडतो. चालताना त्याचं मांसल आवरण, म्हणजे प्रावार, फटीतून दोन्ही बाजूंनी वर येतं आणि पाठीवर जवळजवळ मिटतं. शंख बाहेर आणि प्राणी आत असा नेहमीचा मामला इथे उलटा आहे. शंखाची पाठ बहुतेक वेळ प्राण्याच्या अंगाखाली झाकलेली, त्यामुळे तिला खरचटत नाही, वर काही चिकटून वाढत नाही, आणि तिच्यावर चकाकत्या चुन्याचे थर चढत राहतात. कवडीला पॉलिश करावं लागत नाही. इटालियन लोकांनी चिनी मातीच्या चकचकीत भांड्यांना ‘पोर्सेलाना’ म्हटलं ते या कवडीच्या नावावरून.

दुसरी गोष्ट वाढीची. पिल्लू कवडी कवडीसारखी दिसत नाही; पातळ ओठाचा, रुंद तोंडाचा साधा शंख असतो तो. वयात आली की तो ओठ आत वळतो, जाड होतो, त्यावर दाते उमटतात आणि तोंडाची फट होते. एकदा ओठ वळला की लांबी वाढणं थांबलं. त्यानंतर शंख फक्त जाड होत जातो. म्हणून एका भागातल्या प्रौढ कवड्या बऱ्यापैकी एकसारख्या भरतात, आणि कुणी अर्धवट वाढलेली कवडी पैशात घुसडली तर ती तोंडावरूनच पकडली जाते.

पैशाच्या दृष्टीने याहून सोयीची वस्तू सापडणं कठीण. कवडी सडत नाही, गंजत नाही, उंदीर खात नाहीत. पडली तरी सहसा फुटत नाही. चांदीची कड कातरून घेता येते, कवडीची घेतली तर त्या तुकड्याला कुणी विचारत नाही. आणि नकली कवडी घडवायला लागणारे कष्ट खऱ्या कवडीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. खोटं पाडणं परवडत नाही, हेच तिचं शिक्कामोर्तब.

या टांकसाळीचा मुख्य कारखाना होता मालदीव. तिथल्या खाजणांत पैशाची कवडी मुबलक, आणि आकाराने लहान. फ्रांस्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून तिथे अडकला आणि १६०७ पर्यंत राहिला. त्याने लिहून ठेवलंय की अमावास्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे तीन-तीन दिवस बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कवड्या वेचत. बरोबरच आहे, उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकाच्या मध्याला, इब्न बतूता तिथे काझी होता. कवड्या काढून किनाऱ्यावर खड्ड्यांत टाकतात, मांस कुजून जातं आणि पांढरी कवडी उरते, असं तो सांगतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेल्या कवड्या का घेत नव्हते? वाळूत घासून त्यांची चकाकी जाते. पैसा जिवंतच पकडावा लागे.

एकच माणूस, दोन बाजार

इब्न बतूताचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच. मालदीवात शंभर कवड्यांना सियाह म्हणत, बारा हजारांना कोट्टा आणि एक लाखाला बुस्तू. सोन्याच्या एका दिनाराला चार बुस्तू मिळत, स्वस्ताई असली तर दहा-बारासुद्धा. म्हणजे दिनाराला चार लाख ते बारा लाख कवड्या. काही वर्षांनी, १३५२-५३ मध्ये, हाच माणूस सहारा ओलांडून माली आणि गाओला पोहोचला. तिथे त्याला तीच कवडी दिसली. दर होता दिनाराला साडेअकराशे.

चार लाख कुठे आणि साडेअकराशे कुठे. साडेतीनशे पट फरक, तोही मालदीवातल्या महाग दराने धरला तर. मध्ये होता अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि उंटांच्या पाठीवरचं वाळवंट. कवडीची किंमत कवडीत नव्हती, ती या वाटेत होती. मालीतला माणूस कवडी घेत होता तेव्हा खरं तर तो अंतर विकत घेत होता. हे अंतर कायम राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते पाचशे वर्षं कायम राहिलं.

आपल्याकडच्या उपखंडात ही कवडी जवळून येत असल्याने ती नेहमीच सुट्टे पैसे म्हणून वापरात होती. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत सुरुवातीलाच कोष्टक आहे: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. गुणाकार केला तर पणाला ८० आणि द्रम्माला १२८० कवड्या. सहाशे वर्षांनी बंगालात कंपनी सरकारचे कारकून जे कोष्टक वापरत होते त्यातही पण ८० चाच आणि काहण १२८० चाच. चार काहणांचा, म्हणजे ५१२० कवड्यांचा एक रुपया. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याला अडीच लाख रुपयांचा सारा कवड्यांत मिळे. हिशेब करा: १२८ कोटी कवड्या. त्या साठवायला कोठारं, डाक्क्याला न्यायला होड्यांचा ताफा, आणि या उपद्व्यापात शेकडा दहा टक्के घट. त्याच्या आठवणींत तो त्रागा चांगलाच उतरलाय.

जहाजाच्या तळातून

युरोपीय व्यापाऱ्यांनी कवडीची वाट बदलली. डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजं आशियातून चहा, कापड असा हलका माल घेऊन परतत, त्यांना तोल राखायला तळाशी काहीतरी जड घालावं लागे. दगडवाळूऐवजी कवड्या घातल्या. नीरम म्हणून आलेला माल ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या लिलावांत विकला जाई, तिथून पुन्हा जहाजात चढून गिनीच्या आखातात उतरे. कवडीने अर्ध्या जगाला वळसा घातला, पण भाडं जवळजवळ फुकट.

गिनीच्या किनाऱ्यावर तिच्या बदल्यात मुख्यतः माणसं विकत घेतली जात होती. हे वाक्य लांबवायचं कारण नाही, पण गाळायचंही नाही. दाहोमे (आजच्या बेनिनमधलं राज्य) आणि त्याच्या आसपासच्या बंदरांत गुलामाच्या किमतीचा मोठा हिस्सा कवड्यांत चुकता होई, आणि अठराव्या शतकात युरोपीय कंपन्यांनी पश्चिम आफ्रिकेत उतरवलेल्या कवड्यांचा अभ्यासकांचा अंदाज हजार कोटींच्या वर जातो.

एवढा पूर आला तर पैसा तेव्हाच का बसला नाही? किमती वाढल्या, पण सावकाश. एक तर कवडी किनाऱ्यावर थांबत नव्हती. बाजारपेठा आतआत वाढत होत्या आणि प्रत्येक नवा बाजार कवड्या शोषून घेत होता. दुसरं म्हणजे मालदीवाच्या खाजणातून महिन्याला जेवढ्या निघतील तेवढ्याच निघायच्या. नळ मोठा झाला तरी विहीर तीच.

मोजणीची पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. किनाऱ्याकडच्या योरुबा मुलखात कवडीच्या पाठीला भोक पाडून चाळीस-चाळीसच्या सरी ओवत. पन्नास सरींचं, म्हणजे २००० कवड्यांचं एक ‘डोकं’, आणि दहा डोक्यांची, म्हणजे २०,००० ची एक गोण. योरुबा भाषेत वीस हजार या संख्येचं नावच ‘ओके’, म्हणजे गोण. आत हौसा मुलखात सरी नव्हत्या, सुट्या कवड्या मोजत, पाच-पाचच्या झुंडीने. १८५१ मध्ये हाइन्‍रिख बार्थ हा जर्मन प्रवासी तिथे होता. पाच-सहा माणसं हाताशी घेऊन त्याने पाच लाख कवड्या मोजल्या आणि या पराक्रमाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पाच-पाचने म्हणजे एक लाख वेळा हात फिरला. गोणीत वीस हजार आहेत असं नुसत्या शब्दावर कुणी मानत नसे, प्रत्येकाने आपली आपण मोजून घ्यायची.

या सगळ्या मोजणीत एक गोष्ट कुणी करत नव्हतं: तोलत नव्हतं. कवडीचा पैसा संख्येने चालायचा, वजनाने नाही. मोजणाऱ्याच्या बोटांना कवडी ही कवडी. लहान असो की मोठी, पाठीवर कडं असो की नसो. पाचाची झुंड पाचाचीच.

कड्याची कवडी येते

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि कवड्यांची मागणी आटली. मग युरोपातल्या कारखान्यांना वंगण आणि साबणासाठी पाम तेल हवं झालं, तेव्हा ती पुन्हा उसळली. या दुसऱ्या उसळीचा पोत मात्र निराळा होता. गुलामांचा व्यापार मूठभर सरदार-सावकारांच्या हातात असे. पाम तेल म्हणजे गावोगावची घरं: कुणी फळं तोडतंय, कुणी उकडून तेल काढतंय, कुणी डोक्यावर मडकं घेऊन बाजार गाठतंय. प्रत्येकाला थोडे-थोडे पैसे द्यायचे. चांदीचा डॉलर या कामाला फार मोठा. बार्थच्या वेळी कानो या हौसा शहरात एका डॉलरला २५०० कवड्या होत्या. सुट्ट्यांची टंचाई होती, आणि सुट्टे मालदीवातून येत होते, तेही युरोपला वळसा घालून.

इथे हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी नकाशा समोर धरला. झांझिबार आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कड्याची कवडी ओहोटीच्या खडकांवर पसरलेली असे. वेचायला मजूर, कुजवायला वाळू, आणि किंमत मालदीवच्या मानाने नगण्य. शिवाय तिथून केप ऑफ गुड होपला वळसा घातला की थेट पश्चिम किनारा. लंडनचा लिलाव नाही, ॲमस्टरडॅमचा दलाल नाही. १८४५ मध्ये हर्ट्झ या हॅम्बर्गच्या व्यापारी घराण्याने पहिला माल उतरवला. पाठोपाठ ओस्वाल्ड हे दुसरं हॅम्बर्गी घराणं आलं आणि थोड्याच वर्षांत या धंद्यात सर्वांच्या पुढे गेलं. फ्रेंच व्यापारीही उतरले. पुढच्या दोन-अडीच दशकांत आधीच्या शतकाला लाजवील इतक्या कवड्या दाहोमे आणि लागोसच्या बाजूने आत शिरल्या.

किनाऱ्यावरचे आफ्रिकन व्यापारी फसले, असा अर्थ कुणी काढला तर तो साफ चुकीचा. त्यांना दोन्ही कवड्या पुरेपूर ओळखता येत होत्या. लहान मालदीवी कवडी त्यांना जास्त आवडायची, आतल्या बाजारांत ती बरीच वर्षं भाव खाऊन राहिली, आणि जाड झांझिबारी कवडी तिथे नाखुशीनेच स्वीकारली गेली. पण किनाऱ्यावर सुट्ट्यांची नड होती. समोर तेल घेऊन बाई उभी आहे, तिला पैसे द्यायचेत, हाताशी मोठ्या कवड्या आहेत. ती घेते, कारण तिलाही पुढे मीठ देणारा त्या घेणार आहे. पैसा असाच शिरतो.

आणि पहिली काही वर्षं यात कुणाचंही वाईट झालं नाही, उलट बरंच झालं. हे सांगायला हवं, कारण या प्रकरणाची गोष्ट बहुधा ‘लबाड व्यापारी, भोळी रयत’ अशा साच्यात सांगितली जाते. तेलाचा व्यापार वाढत होता, त्याला चलन हवं होतं, चलन आलं. १८४५ च्या पहिल्या जहाजाला दोषी धरता येणार नाही. दोष त्यानंतरच्या गोष्टीचा: थांबायचं कुठे, हे ठरवणारं कुणीच नव्हतं. मालदीवात सुलतान होता, खाजणं मोजकी होती, वाट लांब होती. झांझिबारच्या किनाऱ्याला ना दार ना कुलूप. नफा दिसतो तोवर प्रत्येक घराणं जहाज भरणार, कारण आपण नाही भरलं तर शेजारी भरेल.

घसरण

कवडीचा भाव किती खाली जाऊ शकतो याला एक तळ असतो: वेचणावळ अधिक जहाजभाडं. भाव तिथे पोहोचला की नवी कवडी आणण्यात राम राहत नाही आणि आयात आपोआप थांबते. तसंच झालं. फायदा आटला तशी व्यापारी घराणी या धंद्यातून अंग काढून घेऊ लागली. पण कवडीचा जो गुण इतकी शतकं कौतुकाचा होता, तोच आता उलटला. ती सडत नाही, गंजत नाही. आयात थांबली तरी आलेला साठा जिथल्या तिथे. कागदी नोट फाटते, चांदी वितळवून दागिना करता येतो. कवडी कुठे जाणार?

त्यात भर म्हणजे १८५२ पासून या किनाऱ्यावर नियमित आगबोटी सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर ब्रिटिश चांदी येऊ लागली. १८६१ मध्ये लागोस इंग्रजांनी ताब्यात घेतलं. पुढे युरोपात पाम तेलाचे भाव पडले, म्हणजे कवड्यांना काम देणारा व्यापारही मंदावला. शतक संपेस्तोवर कवडीचा भाव त्याच्या मध्यावर होता त्याच्या दशमांशाच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही खाली गेला.

आकड्यांपेक्षा हे एका हमालाच्या डोक्यावरून पाहिलं तर लवकर कळतं. मालदीवी कवडी साधारण एक ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. वीस हजारांची गोण म्हणजे वीस-पंचवीस किलो, एका माणसाचं डोईवरचं ओझं. बार्थच्या दराने त्यात आठ डॉलर होते. आठ डॉलर न्यायला एक माणूस, काही दिवसांची मजुरी, वाटेतला खुराक, परवडायचं. आता भाव दहाव्या हिश्श्यावर आणा: त्याच गोणीत एक डॉलरही नाही. आणि कवडी झांझिबारी असेल तर वीस हजारांचं वजन एका डोक्याला पेलणारही नाही. म्हणजे जवळच्या गावापलीकडे पैसा नेण्यापेक्षा तो तिथेच टाकून येणं शहाणपणाचं. पैसा बसतो म्हणजे नेमकं काय होतं, तर हे. तो हलायचा थांबतो.

बुडालं कोण? ज्याच्याकडे चांदी होती तो नाही. ज्याने कवड्यांत कर्ज घेतलं होतं त्याचं ओझं तर हलकंच झालं. बुडाले ते, ज्यांनी साठवलं होतं. मडक्यात भरून जमिनीत पुरलेल्या कवड्या हीच घरोघरची ठेव होती: बाजारात बसणाऱ्या बाईची, म्हाताऱ्याची, मुलाच्या लग्नासाठी जमवणाऱ्या बापाची. मडकं उघडलं तर कवड्या मोजून तितक्याच. एकही कमी नाही. आणि तरी त्यात काही उरलेलं नाही.

शेवटची लाथ सरकारने मारली. वसाहतींच्या सरकारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कवड्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि कर नाण्यांतच भरा म्हटलं. राजा नाणं बंद करतो तेव्हा निदान जुनं घेऊन नवं देण्याची भाषा असते. कवडी कुणी काढलेलीच नव्हती, त्यामुळे ती परत घ्यायला कुणी बांधील नव्हतं. गोगलगायीकडे दावा कुठे लावणार?

दुसरं निदान

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं बंगाल-ओडिशाचं उदाहरण शेजारी ठेवलं तर वरच्या निदानाला थोडी मुरड घालावी लागते. तिथे झांझिबारी पूर आला नव्हता. कंपनी सरकारने १८०७-०८ च्या सुमारास सारा कवड्यांत घ्यायचं बंद केलं, एवढंच. रयतेच्या हातात कवड्या, सरकारला हवा रुपया. रुपयासाठी सावकाराकडे धाव, कवडीचा भाव आणखी खाली. १८१७ मध्ये खुर्द्याला पाइकांचा उठाव झाला त्याच्या कारणांत जमिनीचा सारा आणि मिठाबरोबर ही कवडीची नडही मोजली जाते.

म्हणजे पूर न येताही कवडी बुडू शकते. घेणाऱ्या सर्वांत मोठ्या हाताने नको म्हटलं की पुरे. मग पश्चिम आफ्रिकेत जास्त दोष कुणाचा, जहाजांचा की कचेऱ्यांचा? माझं मत जहाजांकडे झुकतं, कारण कर नाण्यांत मागणारी कचेरी बहुतेक ठिकाणी पोहोचली तेव्हा भाव आधीच पडलेला होता. पण हेही खरं, की जिथे कचेरीचा हात उशिरा पोहोचला तिथे कवडी तगली. आजच्या बुर्किना फासो आणि उत्तर घानाच्या सीमेवरच्या लोबी मुलखात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाजारात आणि लग्नाच्या देण्याघेण्यात चालू होती. तिथे तिची नवी आवक थांबलेली, साठा ठरलेला, आणि घेणारे एकमेकांना ओळखणारे. पैशाला याहून जास्त काही लागत नसावं.

ओरिशांना, म्हणजे आपल्या देवतांना, प्रश्न विचारताना योरुबा लोक आजही सोळा कवड्या टाकतात आणि किती उताण्या पडल्या ते पाहतात. तिथेही मोजणी संख्येचीच, पण सोळाची सतरावी कुणी करत नाही.

हौसा भाषेत पैशाला अजून ‘कुडी’ म्हणतात. बार्थने कवडीसाठी ‘कुर्दी’ म्हणून लिहून घेतलेला शब्द तोच. घानाने स्वातंत्र्यानंतर पौंड सोडला तेव्हा, १९६५ मध्ये, नव्या चलनाला नाव दिलं ‘सेदी’. आकान भाषेत सेदी म्हणजे कवडी. पुढे महागाईने त्या सेदीला इतकी शून्यं चिकटली की २००७ मध्ये सरकारला चार शून्यं एकदम पुसावी लागली. दहा हजार जुने सेदी द्यायचे आणि एक नवा घ्यायचा. दहा हजार म्हणजे योरुबांच्या जुन्या मोजणीत अर्धी गोण.